आईची बिनब्रेकची सायकल

दौंडच्या रेल्वे कॉलनीत उन्हाळा म्हणजे रजा रद्द होण्याचा मोसम. बाकीच्या जगाची पोरं परीक्षा संपली की गावाला पळायची, त्यांच्यासाठी जादा गाड्या सुटायच्या, आणि त्या जादा गाड्यांची चाकं तपासायला आमचे आप्पा लागायचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, गाड्या तपासणाऱ्या खात्यात फिटर होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेकडेनं चालायचं, प्रत्येक चाकाला एक टोला द्यायचा आणि कान लावून आवाज ऐकायचा. चाक धड असेल तर 'ठण्ण' वाजतं, तडा गेला असेल तर 'भद्द'. मग वाकून ब्रेकचे ठोकळे बघायचे, हात लावून बघायचे, आणि सगळं ठीक असलं तर मान हलवून म्हणायचं, "टेस्ट ओके." ही सवय घरातही सुटली नव्हती. नवा माठ आणला की टिचकी, कलिंगड आणलं की टिचकी, माझं डोकं दुखतंय म्हटलं तर कपाळावरही टिचकी. आई वैतागून म्हणायची, "अवं, पोरगी हाय ती, मालगाडी न्हाई."

आईचं माहेर मांडवगण फराटा. शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी, काळ्याभोर जमिनीचं मोठं गाव. लग्नात मामानं तिला दोन गोष्टी दिल्या होत्या. एक तांब्याचा हंडा आणि दुसरी शिरूरच्या बाजारातून घेतलेली काळी सायकल. त्या काळात बाईमाणसाला सायकल देणं म्हणजे जरा नवलच, पण माझी आई शेतावर भाकरी घेऊन सायकलवर जाणारी पोरगी होती आणि मामाला ते ठाऊक होतं. त्या सायकलची एक गंमत होती. तिला ब्रेक नव्हते. मोडले नव्हते, तर दुकानातून आणल्याच्या दिवशीच मामानं पान्ह्यानं काढून टाकले होते, पुढचा-मागचा मडगार्डसुद्धा. मांडवगणात तेव्हा बहुतेक सायकली अशाच असायच्या. पावसाळ्यात ती काळी माती चाकाला चिकटते, ब्रेकच्या रबरात आणि मडगार्डमध्ये अडकून बसते, मग चाक जाम होतं आणि सायकल खांद्यावर घेऊन घरी यावं लागतं. जिथं माती अडकते ते काढून टाकायचं, एवढा साधा हिशेब. थांबायचं झालं तर? चपलेचा तळवा चाकाला लावायचा नाहीतर सरळ उडी मारायची. मुलूख सगळा सपाट, उतार म्हणजे काय तो ओढ्यात उतरण्यापुरता. आई म्हणायची, "ब्रेक म्हंजी चिखल अडकायची जागा. दुसरं काय?"

आता बघा, दिवसभर शेकडो चाकांचे ब्रेक तपासणारा माणूस, आणि त्याच्याच बायकोच्या सायकलला ब्रेक नाही! कॉलनीत यावरून आप्पांची जी चेष्टा व्हायची, ती विचारू नका. त्यांनी दोन-तीनदा ब्रेक बसवून दिले. आईनं दोन-तीनदा काढले. शेवटी त्यांनी नाद सोडला.

आईला समुद्र बघायचा होता. हे तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. तुम्ही म्हणाल, रेल्वेचा पास असलेल्या घराला यात काय अवघड? तसं आप्पांनी तिला पासावर मुंबईला नेलंही होतं. तिथं कठड्याला टेकून तिनं समुद्र बघितला. ओहोटीची वेळ, पुढं सगळा चिखल, आजूबाजूला ही गर्दी. ती म्हणाली, "ह्यो न्हवं." तिला पाहिजे होता तो समुद्र तिच्या गुरुजींचा होता. चौथीला तिला कोकणातले एक गुरुजी होते. दर जूनला ते घाट चढून शाळेवर हजर व्हायचे, आणि वर्गात सांगायचे, की घाट उतरून खाली जायला लागलं की आधी हवा बदलते, मग माती लाल होते, मग खारा वास येतो आणि अगदी शेवटी समुद्र दिसतो. आईला तो ह्या क्रमानं बघायचा होता. एसटीनं जाणं शक्य नव्हतं, कारण एसटीत बसली की आईला गाडी लागायची. सपाट रस्त्यावर लागायची, तिथं घाटाची काय कथा. "खिडकीतनं वकत वकत समुद्राला जायचं? त्येला काय वाटंल?" असं तिचं म्हणणं. म्हणून सायकल. दर उन्हाळ्यात आप्पा रजेचा अर्ज टाकायचे, दर उन्हाळ्यात जादा गाड्यांपायी तो परत यायचा. अशी सोळा वर्षं गेली. मी पंधरा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात, कुणाच्या चुकीनं की कृपेनं कोण जाणे, सात दिवसांची रजा मंजूर होऊन आली. आप्पा तो कागद हातात धरून दारातच उभे राहिले. आईनं कागद घेतला, डब्यात पिठाखाली ठेवला आणि म्हणाली, "आता ह्यो कुणी मागाय आला तरी द्यायचा न्हाई."

आमच्या घरातलं जेवण कसं व्हायचं ते इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आप्पा तरुणपणी दोन वर्षं खंडाळ्याच्या घाटात नोकरीला होते, आणि त्या दोन वर्षांवर ते उरलेलं आयुष्य जेवले. ताटावर बसले की घाट सुरू. त्यातही त्यांची आवडती गोष्ट कॅच साइडिंगची. घाट उतरताना गाडीचे ब्रेक सुटले, गाडी बेफाम झाली, तर तिला थांबवायला मेन लाइनीच्या बाजूला एक आडफाटा काढलेला असतो. तो फाटा चढावर जातो आणि त्यावर वाळू असते. पळत सुटलेली गाडी त्या फाट्याला वळवायची, की चढानं आणि वाळूनं तिचा जोर आपोआप मरतो. आप्पा डावा हात उताराचा धरायचे, उजव्या हाताच्या दोन बोटांची गाडी करून ती त्यावरून सोडायचे, मग मनगट वळवून वर न्यायचे आणि म्हणायचे, "उतारावर गाडीशी भांडायचं नाही. तिला चढ दाखवायचा." नेमकं इथंच, दर वेळी, बरोब्बर ह्याच वाक्याला आई चुलीपासून विचारायची, "भाकरी घेताय का अजून?" आप्पांची गाडी हवेतच राहायची. मी त्यांच्याकडे बघायचे आणि मला वाईट वाटायचं. मला वाटायचं, आई ह्या माणसाचं ऐकतच नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी तिन्ही सायकली अंगणात उलट्या करून ठेवल्या. त्यांची, माझी आणि आईची. आईच्या सायकलला पुढं-मागं नवे ब्रेक, चार नवी रबरं, त्यांच्या लोखंडी खोबणीसकट. ह्या वेळी त्यांनी आईला दम दिला. "हे बघ, हा घाट आहे. ओढा नाही." आई म्हणाली, "बरं." आई इतक्या लवकर बरं म्हणाली की समजायचं काहीतरी शिजतंय, पण तेव्हा आम्हा दोघांना तेवढी अक्कल नव्हती. पहाटे निघालो तेव्हा कॉलनीतल्या बायका दारात उभ्या. "चालली वरात समुद्राला!" असं कुणीतरी ओरडलं. पिशव्यांत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, एक तवा. आप्पांच्या गळ्यात गार्डाची जुनी शिट्टी, ती पुढं त्यांनी माझ्या गळ्यात घातली.

पाटस, सुपं, मोरगाव, जेजुरी. नांगरून पडलेली रानं, वर तापलेलं आभाळ, आणि पुढं आईची पाठ. ह्या प्रवासात आईची पाठच मला सगळ्यात जास्त आठवते. काष्टा घातलेला, पदर कमरेला खोचलेला, आणि एका लयीत पाय. चढ आला की आप्पा उतरून ढकलायचे, मी उतरून ढकलायचे, आई बसूनच जायची. वर पोहोचून झाडाखाली आमची वाट बघत घाम पुसायची आणि विचारायची, "आलं का समदं डबं?" मंदिराच्या ओवरीत झोपायचं, विहिरीवर अंघोळ करायची, आणि रस्त्यावरच्या माणसांनी कुठं चाललात विचारलं की तिघांनी एकदम सांगायचं, समुद्राला. लोक हसायचे. एका म्हाताऱ्यानं मात्र हसू आवरून आम्हाला ताक पाजलं आणि म्हणाला, "जावा. मी म्हशी राखत ऱ्हायलो."

आज माझा मुलगा रांजणगावच्या कंपनीत आहे. शनिवारी पाळी संपली की तो नि त्याचे मित्र मोटारसायकली काढतात आणि रात्रीपर्यंत समुद्रावर. डोक्यावर टोप, टोपावर कॅमेरा, गुडघ्याला कवच. त्याला ते 'ॲडव्हेंचर' वाटतं आणि मीही म्हणते, असू दे. पण मी त्याला एकदा म्हटलं, "तुझ्या आजीनं हा घाट ब्रेक नसताना उतरलाय, आणि डोक्यावर फक्त पदर होता." त्यानं ते खरं मानलं नाही. त्याला सांगता सांगताच हे लिहायचं मनात आलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही भोरच्या अलीकडं भाटघर धरणाच्या पाण्याकाठी पोहोचलो. असं पाणी मी त्याआधी बघितलं नव्हतं. आमच्या भीमेला उन्हाळ्यात जागोजाग डोह उरतात. हे पाणी डोंगरांच्या पायांपर्यंत गेलेलं, निळं, आणि त्यावरून गार वारा येत होता. आप्पा आणि मी आंब्याखाली आडवे झालो ते झोपलोच. उठलो तर आई तीन दगडांवर मासे शिजवत होती. तिखट-मीठ आणि लसूण, बस्स. दशमीबरोबर ते मासे काय लागले म्हणून सांगू! आप्पांनी काटे चोखून चोखून खाल्ले. "कुठून आणलेस?" "एक आबा जाळं लावत हुते. त्यांनी दिलं." "असेच दिले?" "व्हय. म्हंजी, दिलं." आप्पांनी टेस्ट ओके म्हणून ढेकर दिली. त्या दिवशी दुपारनंतर आईची सायकल वाऱ्याविरुद्धही अशी सुळसुळ पळत होती, की मी दोनदा तिला विचारलं, आई, तुझं चाक इतकं हलकं कसं झालं? ती म्हणाली, "मासं खाल्लं नव्हं."

चौथ्या दिवशी, सूर्य बराच वर आल्यावर, आम्ही वरंधा घाटाच्या माथ्यावर उभे राहिलो. रस्ता पुढं जातो आणि एकाएकी जमीन संपते. खाली दरी, दरीच्या पलीकडे डोंगर, त्याच्या पलीकडे आणखी डोंगर, आणि तळाशी धुरकट सपाटी. मी भूगोलाची शिक्षिका म्हणून पुढं तीस वर्षं पोरांना सह्याद्रीचा कडा शिकवला, फळ्यावर काढून दाखवला, पण त्या दिवशी जमीन जशी संपली तशी कधी फळ्यावर काढता आली नाही. आई पुढं जाऊन नाक वर करून उभी राहिली. हवा बदलली होती. खालून ऊबदार, ओलसर वारा येत होता. "गुरुजी खरं सांगत हुते," ती म्हणाली. तिचा चेहरा मी आजही डोळे मिटून बघू शकते.

आप्पा मात्र कामाला लागले होते. घाट उतरण्याआधी ब्रेक टेस्ट. आधी स्वतःची सायकल, मग माझी, मग आईची. आईच्या सायकलचा ब्रेक त्यांनी दाबला. परत दाबला. मग खाली बसले. लोखंडी काड्या जागच्या जागी होत्या, पण टोकाला काही नव्हतं. चारही रबरं खोबणीसकट गायब. "रबरं कुठायत?" आईनं पदर नीट केला. "अगं, रबरं कुठायत?" शेवटी ती म्हणाली, "घासत हुती वो. कुईकुई करत हुती. दौंडापासनं वडून वडून पाय दुखलं माझं." "मग काढून ठेवलीस कुठं?" आईनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "त्या आबांना जाळ्याच्या कडंला बांधाय वजन पायजे हुतं. त्यांनी मासं दिलं."

आप्पांना कळायला थोडा वेळ लागला. आपण भाटघरला आपलेच ब्रेक दशमीला लावून खाल्ले, हे जेव्हा त्यांच्या डोक्यात शिरलं तेव्हा ते दगडावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "परत फिरू. भोरला दुकान बघू." पण तिघांनाही दिवस मोजता येत होते. भोरला जाऊन परत इथं यायचे दोन दिवस, आणि आठव्या दिवशी आप्पांना हजर व्हायचं होतं. परत फिरणं म्हणजे समुद्र नाही. ढकलत उतरलो तर? तो घाट पायी उतरून पुढं समुद्र गाठायला तेवढाच वेळ. माथ्यावरून एसटी जात होत्या, पण आई एसटीचं नावही ऐकायला तयार नव्हती. ती दरीकडे तोंड करून उभी राहिली आणि थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, "माझी चूक हाय. चला परत." माझ्या आईनं आयुष्यात किती वेळा चूक कबूल केली हे मी एका हाताच्या बोटांवर सांगू शकते, आणि ते ऐकून मला हायसं वाटायच्या ऐवजी रडूच आलं.

आप्पा उठले. त्यांनी पिशवीतून दोर काढला, विहिरीवर पाणी काढायला घेतलेला. "मालगाडीला ब्रेक कुठं असतो?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, इंजिनाला. "आणि मागं?" "गार्डाच्या डब्याला." "मग झालं तर," ते म्हणाले. दोराचं एक टोक त्यांनी आईच्या सायकलच्या कॅरियरला बांधलं, दुसरं स्वतःच्या हँडलच्या दांड्याला. आई पुढं, आप्पा मागं, मध्ये दहा-बारा हात दोर. ब्रेक आप्पांनी लावायचा, दोघांसाठी. मी सगळ्यात पुढं, शिट्टी घेऊन. प्रत्येक वळणाला जाऊन थांबायचं, खालून गाडी येत नसेल तर दोन छोट्या शिट्ट्या, येत असेल तर एक लांब. आप्पांनी दोर ताणून बघितला, गाठी बघितल्या, दोन्ही सायकलींच्या चाकांना टिचकी मारली. मग आईकडे न बघता म्हणाले, "मी मागं आहे." आई म्हणाली, "ठाव हाय."

आणि ते उतरले. मी वळणावर उभी राहून बघत होते. पुढं आई, पाठ ताठ, दोन्ही हात हँडलवर, पदर फडफडतोय. मागं आप्पा, ओठ दाबलेले, डोळे दोरावर. दोर ना फार ताणलेला, ना सैल. दर दोन वळणांनी आप्पा गाडी थांबवायचे, रबरांना हात लावून किती तापली बघायचे, निवू द्यायचे, पुन्हा निघायचे. रबराचा करपल्यासारखा वास माझ्यापर्यंत यायचा. एका वळणावर दरीत मोर ओरडला तर आईनं उतरता उतरता त्याला उलटी हाक मारली. मला सांगायला लाज वाटत नाही, मी त्या दोघांकडे बघून तेव्हा मनात म्हटलं होतं, लग्न करायचं तर असं.

अर्ध्याच्या खाली एक फार वाकडं वळण आहे. मी तिथं पोहोचले आणि खालून एसटीचा भोंगा ऐकला. मी लांब शिट्टी फुंकली. वर आप्पांनी दोन्ही ब्रेक दाबले. दोर ताणला, गाठी सुटल्या नाहीत. तुटलं ते तिसरंच काहीतरी. आप्पांनी चाकं तपासली होती, दोर तपासला होता, गाठी तपासल्या होत्या. कॅरियर सायकलला ज्या नटांवर बसतो ते नट बघितले नव्हते. सोळा पावसाळ्यांनी ते खाल्लेले. कॅरियर खाडकन निघाला आणि आप्पा रस्त्यावर कॅरियर ओढत जागच्या जागी थांबले. आई थांबली नाही.

ती माझ्याकडे येत होती. मी पाहिलं, तिनं डावा पाय पुढच्या चाकाला लावला, चपलेचा तळवा, मांडवगणाच्या सवयीनं. चप्पल पायातून उडून दरीत गेली. वेग तसाच. माझ्यामागं एसटीचा आवाज वर चढत होता. मला ओरडायचं होतं पण तोंडात शिट्टी होती आणि ती वाजतच राहिली. आईनं एकदा वळणाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग डोंगराच्या बाजूला. तिथं रस्त्यातून एक कच्ची वाट फुटून वर गेली होती, रस्त्याच्या कामासाठी खडी टाकायला केलेली. मी तिथं उभी असून मला ती दिसली नव्हती. "बाजूला व्हय, शैले!" आई ओरडली, हँडल वळवलं आणि सायकल सरळ त्या चढावर घातली. चढावर सायकलचा जोर कमी कमी होत गेला, पुढं खडीचा ढीग होता, त्यात पुढचं चाक रुतलं आणि आई खडीवर बसली. पडली नाही, बसली. त्याच क्षणाला एसटी वळणातून वर आली आणि माझ्या अंगावरून धूळ उडवत गेली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "शिट्टी फुंकाया काय सर्कस हाय का!"

आप्पा सायकल टाकून पळत आले. हातात अजून दोर आणि दोराला लोंबणारा कॅरियर. आईच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, बांगड्या दोन फुटल्या होत्या, एका पायात चप्पल नव्हती. आप्पा तिच्यापुढं उभे राहिले. आईनं वर बघितलं. म्हणाली, "साइडिंगला घातली."

आप्पा खडीवर तिच्याशेजारी बसले आणि माझ्या देखत रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. आई त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "अवं, असं काय. बगा, टिचकी मारून बगा, धड हाय मी." त्यांनी खरंच तिच्या डोक्यावर हळूच टिचकी मारली. मग तिघंही हसायला लागलो ते थांबेचना.

हे मी परवा आईला वाचून दाखवलं. आप्पा आता नाहीत. आई ऐंशीच्या पुढं गेलीय, ऐकू कमी येतं पण नको ते बरोबर येतं. ती म्हणाली, "रडलं न्हवतं ते. धूळ गेली हुती डोळ्यात." मी म्हटलं, आई, मी होते तिथं. ती म्हणाली, "आसंल. पर लिहू नगं तसं." मी लिहिलं. तिनं ब्रेक काढले तेव्हा मला विचारलं होतं का?

आप्पा म्हणाले होते, आता राहिलेला घाट पायी. आई उठली, पायात आप्पांची एक चप्पल घातली आणि म्हणाली, "बांधा परत. ह्या टायमाला कॅरियरला नगं, बुडाखालच्या पायपाला बांधा." आप्पांनी बांधलं. नट बघितले. गाठ बघितली, पुन्हा बघितली. मी पुढं जाऊन दोन छोट्या शिट्ट्या दिल्या, आणि ते दोघं मिळून तीन चपलांत उरलेला घाट उतरले.

दुसऱ्या दिवशी माती लाल झाली. तेव्हा आईनं सायकल थांबवून (पायानं) चिमूटभर माती उचलून पदराच्या टोकाला बांधली. मग दुपार कलल्यावर खारा वास आला. आई जोरात पायडल मारायला लागली, आणि आम्ही दोघं मागं पडलो. सुरूच्या झाडांमधून आम्ही बाहेर आलो तेव्हा ती आधीच वाळूत पोहोचली होती. सायकल आडवी पडलेली, चाक अजून फिरतंय, आणि आई गुडघाभर पाण्यात उभी. मागून आम्हाला फक्त तिची पाठ दिसत होती. सगळ्या रस्त्यात पुढं दिसलेली पाठ, तीच, पण आता तिच्यापुढं रस्ता नव्हता. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. आप्पा तिच्याजवळ गेले नाहीत. म्हणाले, "बघू दे तिला."

येताना आम्ही तिघं एसटीनं आलो, सायकली टपावर. आई महाडपासून भोरपर्यंत ओकत आली आणि मधल्या मधल्या वेळेत हसत आली. पण ते नंतर. त्या संध्याकाळी आईनं वाळूत तीन दगड मांडले, ज्वारीच्या भाकरी थापल्या, चटणी काढली. सूर्य पाण्याला टेकला होता. आम्ही गोल करून जेवायला बसलो. आप्पांच्या तोंडी घाटाचं नाव नाही, गाडीचं नाव नाही. असं जेवण आमच्या घरात कधी झालं नव्हतं आणि मला ते सहन होईना. शेवटी आईच म्हणाली, "सांगा की वो. ते साइडिंगचं."

आप्पांनी डावा हात उताराचा धरला. उजव्या हाताच्या दोन बोटांची गाडी केली. "उतारावर..." एवढं म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "उतारावर..." आणि हात खाली ठेवला.

मग आईनं तव्याजवळून हात पुसले. डावा हात उताराचा धरला, पिठानं माखलेल्या दोन बोटांची गाडी केली, आणि घाटात गाडीचे ब्रेक कसे सुटतात, आडफाटा कुठं असतो, वाळू कशाला टाकतात, हे सगळं आप्पांच्याच शब्दांत, आप्पा जिथं श्वास घ्यायचे तिथं श्वास घेत सांगितलं. सोळा वर्षांतला एक शब्द तिनं गाळला नाही. गाडी बेफाम खाली सुटली, आईनं मनगट वळवलं, बोटं वर नेली आणि म्हणाली, "गाडीशी भांडायचं न्हाई. तिला चढ दावायचा."

आप्पा समुद्राकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "भाकरी घेतेस का अजून?"